‘तुम्ही जा, मी गाडीत बसते’

पत्र, थोडक्यात: शिकागोच्या एका उपनगरात राहणाऱ्या वाचक मैत्रिणीने लिहिलंय. तिचे सासू-सासरे एप्रिलमध्ये नाशिकहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. सासरे ७१ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, नोकरीतली बरीच वर्षं भंडारदरा भागात काढलेले. सासूबाई ६८ च्या, दोन्ही गुडघे दुखरे. मेअखेरीच्या मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला इलिनॉय नदीकाठच्या स्टार्व्ड रॉक स्टेट पार्कला जायचं असं नवऱ्याने ठरवलंय. सोबत आणखी तीन मराठी कुटुंबं, मुलं धरून १९ माणसं. शनिवारी सकाळी नऊला निघायचं, चार कॅनियन (खोल घळी) करायचे, मध्ये पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणलेलं एकत्र जेवण. हे ऐकल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, “तुम्ही जा, मी गाडीत बसते.” तीन वर्षांपूर्वी हे दोघं आले होते तेव्हा सगळे नऊ तास गाडी हाकत नायगराला गेले होते. तिथे धबधब्याकडे बघून सासरे म्हणाले, “पावसाळ्यात आमचा रंधा असाच दिसतो.” नवरा दुखावला, आणि परतीच्या वाटेवर गाडीत कुणी कुणाशी धड बोललं नाही. मैत्रीण विचारते: सासूबाईंना घरी ठेवून जावं का? बेतच रद्द करावा का? की सगळ्यांना सगळं जमेल अशी दुसरी जागा शोधावी? “नवरा म्हणतो मी उगाच बाऊ करते, सासूबाई काही बोलत नाहीत आणि सगळी आखणी माझ्या गळ्यात.”

---

प्रिय मैत्रिणी,

पत्रात तू मला ताई म्हटलं आहेस, म्हणून सरळ एकेरीवर येते.

‘मी गाडीत बसते’ हे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तुझं पत्र वाचताना तिचाच आवाज कानात आला. एकदा अशाच एका नदीकाठच्या उद्यानात (ते कुठलं ते सोड) आम्ही तिला खरोखरच गाडीत बसवून गेलो. काचा उघड्या, झाडाची सावली, हातात जपमाळ, मागच्या सीटवर पाण्याच्या दोन बाटल्या. दोन तासांनी परत आलो तर दोन्ही बाटल्यांची सीलं तशीच. मे महिना, ऊन चढलेलं, आणि बाईने सकाळच्या चहानंतर थेंबभर पाणी घेतलेलं नाही. मी वैतागून विचारलं, तर म्हणाली, “पाणी प्यायलं की जावं लागतं. इथे कुठे काय असतं मला काय माहीत?”

मी तेवढे दोन तास समजत होते की तिला गुडघ्यांमुळे यायचं नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट ही: तुझ्या सासूबाईंच्या त्या वाक्याचा अर्थ तू, तुझा नवरा आणि मी, तिघांनीही अंदाजाने लावलाय. तो गुडघा असेल. बाथरूमची धास्ती असेल. ‘१९ माणसं माझ्या एकटीसाठी थांबतील’ हा संकोच असेल. नाहीतर तुला अजिबात सुचणार नाही असं कारण असेल, म्हणजे एक अख्खा दिवस घरात कुणी नको, हवा तेव्हा चहा, हवी ती मालिका, मोठ्या आवाजात. मुलाचं असलं तरी दुसऱ्याच्या घरात सहा महिने राहणाऱ्या बाईला तेवढी चैन हवीशी वाटली तर आपण त्याला लगेच ‘आई एकट्या पडल्या’ म्हणून मोकळे होतो.

तेव्हा विचार त्यांना. पण ‘येणार ना आई?’ असं नको, त्याला उत्तर एकच येतं. आणि मुलासमोर नको. मेथी निवडायला दोघी बसाल तेव्हा साध्या सुरात काढ विषय: किती पायऱ्या जमतील, चढताना दुखतं की उतरताना, किती वेळाने बाथरूम जवळ असलेली बरी. हे शेवटचं तूच विचारायचं आहेस. मुलगा कधी विचारणार नाही आणि त्या त्याला कधी सांगणार नाहीत. उतरताना दुखतं असं म्हणाल्या तर लक्षात ठेव, कारण स्टार्व्ड रॉकला उतार हीच खरी अडचण आहे. तिथले बहुतेक कॅनियन म्हणजे पठाराला पडलेल्या घळी. खाली उतरायचं, धबधबा बघायचा आणि मग तेवढंच पुन्हा वर यायचं.

आता जागेबद्दल. तू तिसरा पर्याय विचारलास, सगळ्यांना सगळं जमेल अशी दुसरी जागा. अशी जागा नसते, त्यामुळे त्या शोधात शनिवारच्या रात्री घालवू नकोस. स्टार्व्ड रॉक चांगलं आहे. वाईट आहे तो तुमचा दिवस आणि तुमची वेळ.

या पार्कला वर्षाला वीस लाखांहून जास्त माणसं येतात, शिकागोपासून दीड-पावणेदोन तासांवर आहे आणि प्रवेशाला पैसे लागत नाहीत. या तीन गोष्टी एकत्र केल्यास की मेमोरियल डेच्या शनिवारी तिथे काय होत असेल ते मी सांगायला नको. वाहनतळ भरले की गाड्या आत सोडणं थांबवतात, तेव्हा मग रस्त्यावर रांगेत बसा. नऊला निघून, चार घरांच्या गाड्या एकमेकींसाठी थांबत, कुणीतरी बर्फ विसरलं म्हणून वाटेत दुकानात शिरत तुम्ही साडेअकराला पोचाल. त्या रांगेत सासूबाई खरोखरच गाडीत बसतील, आणि त्यांच्यासोबत तुम्ही सगळेच.

म्हणून माझं पहिलं मत, तुझ्या नवऱ्याला आवडणार नाही तरी: या एका ट्रिपच्या दोन ट्रिपा कर. मित्रमंडळींचा गोतावळा आणि चार कॅनियन हा एक बेत. आई-बाबांना नदी दाखवणं हा दुसरा. दोन्ही एकाच दिवसात कोंबल्यामुळे तुझी झोप उडाली आहे.

आई-बाबांचा बेत मी असा आखीन. मे महिन्यातलाच मधला वार, मंगळवार किंवा बुधवार. नवऱ्याने एक दिवस सुट्टी घ्यायची. मुलांना शाळेत सोडायचं आणि साडेआठला चौघांनीच निघायचं. तुमच्या भागातून इंटरस्टेट ८० ला लागून पश्चिमेला गेलं की युटिकाच्या फाट्यावर १७८ नंबरचा रस्ता घ्यायचा, सव्वा तासाच्या आसपास. दहाला तिथे, दीडला परत निघायचं, मुलं शाळेतून यायच्या आत घरी. साडेतीन तास पुरतात. (मेमध्ये शाळांच्या सहलींच्या पिवळ्या बस असतात, तेवढा गलका धरून चाल.)

‘साडेतीन तासांत काय बघून होणार?’ हा प्रश्न नवरा विचारेल. त्याला विचार, सगळं बघायचं म्हणजे नेमकं काय? पार्कात १८ कॅनियन आणि सुमारे १३ मैलांच्या पायवाटा आहेत. एका दिवसात सगळं कुणीच बघत नाही. व्हिजिटर सेंटरपासून मोजलं तर ज्या खडकावरून पार्कला नाव पडलं तो पाव मैलाच्या जरा पुढे, फ्रेंच कॅनियन अर्ध्या मैलाच्या आत, वाइल्डकॅट साधारण एक मैल, ला साल दोन मैल. हे सगळं एकेरी आणि मध्ये लाकडी जिने. चार कॅनियन म्हणजे धडधाकट माणसालाही पाच-सहा तास. आणि धबधबे आपल्या सोयीने वाहत नाहीत. बर्फ वितळताना किंवा दणकून पाऊस पडून गेल्यावर ते खरे. आठ-दहा दिवस कोरडे गेले की निम्म्या घळींत भिंत ओली दिसते, बाकी काही नाही. आदल्या आठवड्यात पाऊस झाला नसेल तर धबधब्याचं नावच काढू नका, म्हणजे रंध्याशी तुलना व्हायची वेळ येणार नाही. त्यातल्या त्यात सेंट लुई कॅनियनला पाणी टिकतं आणि १७८ च्या रस्त्यावर त्याचा स्वतंत्र वाहनतळ आहे. तिथून अर्ध्या मैलाच्या आसपास चालावं लागतं. तुम्हा नवरा-बायकोला एक धबधबा हवाच असेल तर तो.

फ्रेंच कॅनियन जवळ आहे म्हणून सासूबाईंना तिकडे नेऊ नकोस. आत शिरायला वाळूच्या दगडात खोदलेल्या खोबणींसारख्या पायऱ्या चढाव्या लागतात. त्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात, धरायला काही नाही. नकाशावर ‘जवळ’ दिसलेल्या जागेने घात केल्याची उदाहरणं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.

मग त्यांना कुठे? लॉजवर. टेकडीच्या माथ्यावर लाकडी ओंडक्यांचा मोठा लॉज आहे, १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारने बेरोजगार तरुणांच्या फौजेकडून बांधून घेतलेला. त्याचा रस्ता आणि वाहनतळ वेगळा आहे, गाडी वरपर्यंत जाते, जिने चढावे लागत नाहीत. आत मोठं दालन, दोन्ही बाजूंनी उघडी अशी प्रचंड दगडी शेकोटी, बाहेर झाडांकडे तोंड करून बसायला व्हरांडा, खायला-प्यायला आणि स्वच्छ बाथरूम. कॅनियनमध्ये यातलं काही नाही, हे मी मुद्दाम सांगते. खाली व्हिजिटर सेंटरजवळ एक सोय आहे, त्यापुढे पायवाटेवर नाही. सासूबाईंना हे निघायच्या आधी घरीच सांग: “आई, पोचल्या पोचल्या पहिल्यांदा बाथरूम दाखवते, मग बाकीचं.” बघ, पाणी पितात की नाही.

एक घडीची खुर्ची मात्र डिकीत टाकच. आणि काठी. काठी म्हटली की आपल्या आया-सासवा ‘इतकी काही मी म्हातारी नाही’ म्हणतात, तेव्हा कॅम्पिंगच्या दुकानातून दोन ट्रेकिंग पोल आण. तिथे पंचविशीतली पोरंही ते घेऊन चालत असतात, त्यामुळे मान जात नाही. बुटांचं मीच सांगते: साडीवर स्पोर्ट्स शूज चालतात. अगदी छान चालतात. चपला मात्र नकोत.

आता सासऱ्यांकडे येते, कारण खरं सांगायचं तर तुझ्या पत्रातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित माणूस तेच आहेत. पाटबंधाऱ्यातला इंजिनीअर माणूस. त्यांना धबधब्यापुढे उभं करून ‘बघा, केवढा!’ म्हणणं म्हणजे हलवायाला पेढ्याचं कौतुक सांगणं. त्यांना दाखवायची वस्तू पार्कात नाहीच, नदीच्या पलीकडे आहे.

स्टार्व्ड रॉकच्या समोरच इलिनॉय नदीवर १९३३ साली सुरू झालेला बांध आहे आणि त्याला लागून जहाजांचं कुलूप, इंग्रजीत ‘लॉक’. कुलूप हा शब्द मी मुद्दाम वापरते, सासऱ्यांना आवडेल. नदीची पातळी बांधाच्या वर आणि खाली वेगळी, इथे सुमारे १८-१९ फुटांचा फरक. मग वरून आलेला बार्ज, म्हणजे सपाट बुडाची मालवाहू होडी, ११० फूट रुंद आणि ६०० फूट लांब अशा काँक्रिटच्या हौदात शिरतो, मागचे दरवाजे लागतात आणि हौदातलं पाणी हळूहळू खाली सोडतात. पंप नाही, काही नाही, नुसता उतार आणि झडपा. बार्ज जिन्याची एक पायरी उतरल्यासारखा खाली येतो, पुढचे दरवाजे उघडतात आणि चालला. ओळीत तीन अशा पाच ओळी, म्हणजे पंधरा बार्जचा तांडा आला तर तो ६०० फुटांत मावत नाही. मग तांड्याची दावी सोडून त्याचे दोन भाग करतात, अर्धा आधी, अर्धा नंतर आणि पलीकडे पुन्हा बांधतात. हे सगळं सावकाश चालतं, चांगला तास-दीड तास जातो. कॉलेजातल्या मुलांना ते बघवत नाही. निवृत्त इंजिनीअर कठड्याला टेकून एकही शब्द न बोलता बघत राहतात. या बार्जमधून मका आणि सोयाबीन जातं, पुढे मिसिसिपीला लागून थेट न्यू ऑर्लिन्सकडे.

हे बघायला तिथेच उत्तर काठावर, युटिकाच्या पुढे, सैन्याच्या इंजिनीअर विभागाचं व्हिजिटर सेंटर आहे. फुकट. कुलुपाला अगदी लागून बघण्याचा सज्जा, आणि गाडी लावल्यावर चालायचं नगण्य, म्हणजे सासूबाईंनाही चालेल. बार्ज कधी येईल याचं वेळापत्रक नसतं, आला तर आला, म्हणून तिथे पोचून चौकशी करायची आणि थांबायची तयारी ठेवायची. आणि निघण्याआधी दोन्हीकडची उघडण्याची वेळ बघून घे, पार्कातल्या कुठल्या वाटा दुरुस्तीसाठी बंद आहेत तेही.

त्यांच्यासाठी आणखी एक खाऊ आहे. तिथला दगड हा सेंट पीटर नावाचा वाळूचा दगड आहे, हाताने चोळला तर पांढरी साखरेसारखी वाळू सुटते. शेजारच्या ओटावा गावची हीच वाळू अमेरिकेत सिमेंटची ताकद तपासायला प्रमाण म्हणून वापरतात. आपल्याकडे त्या कामाला तामिळनाडूतल्या एन्नोरची वाळू असते. सासऱ्यांनी नोकरीत ‘एन्नोर सँड’ची पाकिटं शंभरदा फोडली असतील, साइटवरच्या प्रयोगशाळेत ती असायचीच. कॅनियनच्या भिंतीला हात लावायच्या आधी त्यांना एवढंच सांग की ही इथली एन्नोर. पुढचं ते बोलतील, तुला बोलावं लागणार नाही. (वाळू खिशात घालून आणायची नाही. पार्कातून काही उचलायला बंदी आहे, आणि इंजिनीअर लोकांना हा मोह होतो.)

किल्ल्याचं मात्र आधीच स्पष्ट कर. माहितीपत्रकात ‘फ्रेंचांचा किल्ला’ असं वाचून नाशिककर माणूस डोळ्यांसमोर साल्हेर नाहीतर रामशेज आणतो. खडक नदीपासून सव्वाशे फूट उंच आहे, बस्स. ला साल आणि टोंटी या फ्रेंचांनी १६८२-८३ च्या हिवाळ्यात त्यावर लाकडी तटाचा किल्ला उभारला, सेंट लुई नावाचा. आज तिथे त्यातली एक फळीसुद्धा नाही. माथ्याभोवती फिरायला लाकडी सज्जा आणि माहितीचे फलक आहेत. ‘स्टार्व्ड’ म्हणजे उपाशी. सांगतात ते असं की १७६९ मध्ये पाँटियाक या मूलनिवासी सरदाराचा खून झाला, त्याचा सूड म्हणून दुसऱ्या जमातींनी इलिनॉय लोकांच्या एका टोळीला या खडकावर कोंडलं आणि ते वरच उपाशी मेले. तशी समकालीन नोंद सापडत नाही, आणि इतिहासकार त्याला दंतकथाच म्हणतात. पण वेढा आणि रसद तुटणं ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. सासऱ्यांना जिने चढवत असतील तर त्यांना नवऱ्याबरोबर वर जाऊ दे. वरून समोर नदी, मधलं बेट आणि उजव्या हाताला तोच बांध दिसतो. दोघं बाप-लेक तेवढं चढून येईपर्यंत तू आणि सासूबाई लॉजच्या व्हरांड्यात थर्मासातला चहा घ्या. वेगवेगळं बसलात म्हणून कुणी कुणाला टाकलं असं होत नाही. सगळ्यांनी सतत एकत्रच असायचं ही अट तुझ्या पत्रात ओळीओळीत आहे आणि मला वाटतं ती तूच घातली आहेस.

नवऱ्याबद्दल दोन शब्द लिहिते. रागावू नकोस, मी त्याची बाजू घेणार आहे. चार कॅनियन, १९ माणसं, पॉटलक हा आटापिटा तो मित्रांसाठी करत नाहीये. आई-बाबांनी बघावं की इथे माझी माणसं आहेत, मला रस्ते माहीत आहेत, मी इथे उपरा नाही. म्हणून नायगराला ‘रंधा’ ऐकून तो एवढा दुखावला. त्याला वाटलं बाबांनी त्याच्या अमेरिकेला गुण दिले नाहीत. पण भंडारदऱ्यात वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडी ‘आमचा रंधा’ म्हणजे काय? रंधा धरणाच्या खालच्या अंगाला आहे. वर पाणी किती सोडलं त्यावर तो फुगतो नाहीतर आटतो. म्हणजे तो धबधबा त्यांनी नुसता पाहिलेला नाही, खात्याच्या नोंदवहीत लिहिलेला आहे. नायगरासमोर उभं राहून त्यांनी आपली उभी नोकरी आठवली आणि मुलाला वाटलं टोमणा मारला.

मित्रमंडळींच्या ट्रिपचं म्हणशील तर ती जूनमधल्या एखाद्या साध्या रविवारी ठेव, लाँग वीकेंड टाळून. पार्क सकाळी सातला उघडतं, सातलाच पोचायचं आणि बाराला बाहेर. ‘सकाळी सात’ म्हटलं की एक कुटुंब गळेल, हरकत नाही. उलट पाहुणे वाढून आकडा २५ वर गेला तर पार्कच्या कार्यालयाला आधी कळवून परवानगी घ्यावी लागते. मुलांच्या आयांना आधीच सांगून ठेव की पाण्यात उतरायला मनाई आहे, नदीतही आणि धबधब्याच्या डोहातही, आणि कठड्यापलीकडे, आखलेली वाट सोडून कुणी जायचं नाही. ‘फोटोपुरतं’ म्हणून सुद्धा नाही. वरून दगड कोरडा दिसतो पण त्याच्यावर वाळूचा थर असतो आणि बुटाखाली बेअरिंगसारखा फिरतो. दरवर्षी माणसं पडतात. घरी आल्यावर मुलांच्या कानांमागे, गुडघ्यांच्या लवणीत गोचिड्या बघायच्या. घळींत फोनला रेंज धड नसते, म्हणून ‘हरवलो तर फोन करू’ हा बेत धरू नका, भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा. आणि दोन-तीन मैलांवर मॅथिसन नावाचं दुसरं पार्क आहे, तेही सुंदर आहे, पण ‘इतकं जवळ आहे तर तेही करून टाकू’ म्हणणारा एक गृहस्थ प्रत्येक गटात असतो. त्याला पॉटलकच्या भांड्यांच्या राखणीला बसवा.

सासूबाई या दुसऱ्या ट्रिपला आल्या नाहीत तर घरी राहू देत, मनात काही न आणता. सासऱ्यांना जायचं असेल तर त्यांना जाऊ देत. शेजारच्या कुणाला एक फोन करायला सांगून ठेव, गॅस आणि स्मोक अलार्मचं एकदा दाखवून ठेव (फोडणीला तो बोंबलतो आणि म्हातारी माणसं हादरतात), बस्स.

दोन्ही वेळेला औषधांची पिशवी आणि व्हिजिटर इन्शुरन्सचं कार्ड बरोबर असू दे, आणि दोघांची रोजची औषधं लिहिलेला कागदसुद्धा. गुडघ्याची गोळी निघायच्या आधी घ्यायची की पोचल्यावर ते त्यांच्या डॉक्टरला एका व्हॉट्सॲपवर विचारून घे. डब्यात तेल सुटेल असं काही नको. मी दशम्या, कोरडी चटणी, दही-भात आणि काकडी नेते. लॉजवर जेवायला मिळतं, पण सासूबाई मेनूकार्डवर किमती वाचून ‘मला भूक नाही’ म्हणणार, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

आणि नवऱ्याला एक काम दे. बांधाच्या त्या सज्ज्यावर उभं राहिल्यावर, सासरे ‘आमच्या भंडारदऱ्याला’ म्हणून सुरू करतील तेव्हा त्याने तोंड फिरवायचं नाही. उलट त्यांना सांगायचं की नायगराचं पाणीसुद्धा सोडलेलंच असतं. अमेरिका आणि कॅनडाने १९५० साली करार केलाय: पर्यटनाच्या महिन्यांत दिवसा धबधब्यावरून निदान एक लाख क्युसेक पाणी जाऊ द्यायचं, रात्री आणि हिवाळ्यात पन्नास हजार चालेल, बाकीचं वीज करायला वळवायचं. मग विचारायचं, “बाबा, रंध्याला तुम्ही किती क्युसेक सोडायचात?”

तुझी,
ताई